रस्त्याकडेचं शेत

८ एप्रिल

लेकीने मागच्या खेपेला ही वही हातात दिली आणि म्हणाली, "आई, मनात येईल ते यात लिहीत जा, रोज फोनवर माझं डोकं खाऊ नकोस." आता तीच रविवारी होणाऱ्या सासू-सासऱ्यांना घेऊन जेवायला येणार आहे. तेव्हा कोण कुणाचं डोकं खातं ते बघूच.

पडदे धुऊन झाले. भांडी वरच्या फळीवरून काढून घासली. घर लखलखीत झालंय, पण शेताचं काय? गहू काढून इतके दिवस झाले तरी धसकटं तशीच उभी. आठवड्याची दाढी वाढलेल्या माणसासारखं दिसतं. व्याही येणार मोठ्या रस्त्याने, आणि आमचं शेत रस्त्याला चिकटून. म्हणजे पहिली नजर तिथेच जाणार. शेजारच्या भाऊजींचं बघा, नांगरून कसं स्वच्छ केलंय.

यांना म्हटलं, तर म्हणे, "मातीवाल्या बाई सांगून गेल्यात, यंदा धसकटं राहू दे. वाऱ्याचे दिवस आहेत, मुळं माती धरून ठेवतात."

मातीवाल्या बाई म्हणजे शेतकी खात्याच्या. पायात बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत डब्या आणि डब्यांत आमचीच माती. मी म्हटलं, "लेक त्या बाईंच्या घरात द्यायचीय का आपल्याला? व्याही म्हणतील, आळशाच्या घरची मुलगी."

हे हसले. हे हसले की निम्मं काम झालं असं समजायचं.

१० एप्रिल

झालं काम. सकाळी ट्रॅक्टर काढायच्या आधी यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "अहो, शेत आहे, ऑपरेशन नाही."

काय देखणं दिसतंय! एका रंगाचं, सपाट, कापड अंथरल्यासारखं. हे मात्र बांधावर बसून ढेकूळ कुस्करत होते. "पिठासारखी झालीय गं अगदी. पाणी टिपूसभर नाही आत." म्हटलं, "बरंच की. मऊ झाली." मग आत येऊन म्हणाले, "झालं तुझ्या मनासारखं?" झालं बाई.

१४ एप्रिल, रविवार, दुपार

आजचा दिवस फुकट गेला. चार भाज्या, दोन गोडाचे प्रकार, नवीन टेबलक्लॉथ, सगळं मुसळ केरात.

वारा सकाळपासून होताच. मी स्वयंपाकात होते, तेवढ्यात दिवसाढवळ्या अंधारून आलं. अशी धूळ मी जन्मात पाहिली नाही. खिडक्या लावल्या, दारांच्या फटीत ओली फडकी कोंबली, ताटं पालथी घातली, तरी दातांखाली कचकच. लेकीचा फोन आला, "आई, पुढे सगळ्या गाड्या थांबल्यात, समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. आम्ही मागच्या मागे वळतोय." विहीणबाई मागून काहीतरी बोलत होत्या, ते ऐकू आलं नाही. पहिल्यांदा येत होत्या आणि हे असं.

हे खिडकीपाशी नुसते उभे. काच सगळी तपकिरी, दिसतंय काय तिथे? म्हटलं, "जेवायला बसा, अन्न निवतंय." जेवले. दोनदा वाढलं, दोन्ही वेळा निमूट खाल्लं. मीच जरा जास्त बडबडले असेन. एवढं रांधून माणसं आली नाहीत की जीव जळतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

रस्त्यावर अपघात झाला. आमच्या शेतासमोरच. पाच गाड्या एकमेकींवर. एक मुलगी गेली. दवाखान्यात परिचारिका होती, काम संपवून स्कूटरवरून घरी निघाली होती. मागून ट्रक आला. ट्रकवाला रस्त्याच्या कडेला बसून एकच म्हणतोय, मला दिसलीच नाही हो, दिसलीच नाही.

हे धावत गेले ते अजून आलेले नाहीत.

१६ एप्रिल

पोलीस येऊन गेले. भला माणूस होता, चपला बाहेर काढून आत आला. शेत कुणाचं, कधी नांगरलं, सगळं विचारलं. "वाऱ्याचे दिवस असताना नांगरायचं कुणी ठरवलं?" हे म्हणाले, "मीच." पोलीस म्हणाला, "नांगरणं काही गुन्हा नाही काका. वाऱ्याला बेड्या घालता येत नाहीत. लिहून घ्यावं लागतं म्हणून विचारतो."

सुटलो एकदाचे. माझा जीव टांगणीला लागला होता. पोलीस गेल्यावर मी यांना म्हटलंसुद्धा, बरं झालं, नीट उत्तरं दिलीत. हे उठून गोठ्याकडे गेले. परवापासून जेवायला बसतात आणि घास घेऊन तसेच राहतात.

२० एप्रिल

रस्त्याच्या पलीकडचा चर आमच्या मातीने काठोकाठ भरलाय. हे कालपासून फावड्याने ती माती ढकलगाडीत भरतात आणि परत शेतात आणून टाकतात. म्हटलं, "अहो, एवढं शेत पडलंय, त्या चार गाड्यांनी काय होणार?"

"आपली आहे," म्हणाले.

भाऊजी बांधावरून बघून गेले. मला हळूच म्हणाले, "वहिनी, दादाला जरा आराम करायला सांगा." त्यांचंही शेत नांगरलेलंच आहे, पण ते रस्त्यापासून लांब. त्यांना काय.

२७ एप्रिल

जनावरांसाठी रचलेली काडाची सगळी गंजी यांनी शेतात पसरली. संध्याकाळच्या वाऱ्याने त्यातलं निम्मं काड भाऊजींच्या विहिरीत नेऊन घातलं. मी हात टेकले.

आज मातीवाल्या बाई आल्या. मला वाटलं आता म्हणतील, सांगितलं होतं ना. काही म्हणाल्या नाहीत. यांच्यासोबत रानभर फिरल्या, काड नुसतं पसरायचं नाही, वरून लोखंडी तव्यांचा कुळव फिरवून अर्धं मातीत रोवायचं, म्हणजे वारा उचलत नाही, हे दाखवलं. वाऱ्याला आडवे वरंबे पाडायला लावले. झाडांचं विचारलं तर म्हणाल्या, "दाट भिंत नको हं. भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे जास्तच उकरतो. झुडपं आणि झाडं अशा दोन ओळी, मधून थोडा वारा गाळून जाऊ दे. पण काका, याला वर्षं लागतात."

हे म्हणाले, "मग वर्षं होईपर्यंत मधे काय करायचं?"

बाई पिशवी उचलून निघाल्या. मला त्यांचा रागच आला. निदान एक शब्द टाकून बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

६ मे

मधे काय करायचं ते यांचं यांनीच ठरवलेलं दिसतं. वारा सुटला की काठीला लाल फडकं बांधून रस्त्यावर जाऊन उभे राहतात. धुरळा उठला की दोन्हीकडच्या गाड्या थांबवतात. कुणी ऐकतं, कुणी हॉर्न मारून शिव्या घालतं. डोळे लालभडक करून घरी येतात, खोकतात, पाणी पितात आणि अंगणात उभं राहून बोट ओलं करून वारा बघतात.

फडकं माझ्या चांगल्या चादरीचं आहे. आधी विचारलं असतं तर जुनं दिलं असतं.

दुकानात गेले तर दुकानदार हसून म्हणाला, "काय वहिनी, काकांना वाहतूक खात्यात नोकरी लागली म्हणे!" मीही हसले. घरी येईपर्यंत तोंडावर ते हसू तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

१९ मे

आज लेकीचं लग्न झालं. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

व्याह्यांनी कुरकुर न करता तारीख ठरवली, छोटाच हॉल घेतला, माणसंही मोजकीच. हे सकाळपासून ठीक होते. इस्त्रीचा शर्ट घातला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, विहीणबाईंशी दोन शब्द बोलले. मला वाटलं, बरं वाटतंय आता यांना. मग जेवणाच्या आधी हॉलचं एक दार वाऱ्याने आपटलं. नुसतं दार आपटलं. मी वळून बघेपर्यंत हे खुर्चीवर नव्हते.

फोटो काढायला सगळे उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "मुलीचे वडील?" लेक म्हणाली, "येतायत. थोडं थांबा." थांबलो. परत थांबलो. मग विहीणबाई म्हणाल्या, "काढून घ्या हो, मुलं भुकेली आहेत." लेकीने माझा हात धरला आणि फोटोत हसली. निघतानाही तिचे डोळे दाराकडेच होते. मला म्हणाली, "बाबांना काही बोलू नकोस." मी म्हटलं, "नाही बोलणार."

घरी आल्यावर जे तोंडाला आलं ते बोलले. एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि तुम्ही रस्त्यावर फडकं हलवत उभे! लोकांनी काय म्हणायचं? इस्त्रीच्या शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता. हे म्हणाले, "तुला कायम लोकांचंच पडलेलं असतं." आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले. आणि लगेच, "चुकलं माझं. असं बोलायला नको होतं."

त्यात एवढं माफी मागण्यासारखं काय होतं, कळलं नाही. याहून कितीतरी जास्त मी बोलले होते.

२४ मे

एक बसवाला दारात आला. "लाल फडक्यावाले काका इथेच राहतात का?" म्हटलं, आता याचंही काहीतरी गाऱ्हाणं. तर तो म्हणाला, "मावशी, रविवारी माझी बस भरलेली होती. काका हात पसरून मधे उभे राहिले म्हणून ब्रेक मारला. पुढे धुरळ्यात एक ट्रॅक्टर बंद पडून उभा होता. मला तो बस थांबल्यावर दिसला, काकांच्या मागे हाताच्या अंतरावर." मी चहा केला. हे मागे पाणी घालत होते, हाक मारली तर आलेच नाहीत.

रविवारी म्हणजे लग्नाच्या दिवशी. लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आई." आणि रडायला लागली.

११ जून

एक बाई फाटकाशी उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, "माझी मुलगी इथे गेली."

हे अंगणात बी निवडत होते. उठले. खुर्ची आणली, ती पुसली, परत पुसली. बाई बसल्या आणि शेताकडे बघत राहिल्या. काडातून गवताचे कोंब कुठे कुठे दिसायला लागलेत.

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?" त्यांनी विचारलं.

"घरात. जेवत होतो."

"तीही जेवायलाच येत होती," बाई म्हणाल्या. "मी थांबले होते तिच्यासाठी."

मी पाणी घेऊन दारात आले होते. बाई म्हणाल्या, "रागवायला आले नाही मी. पण एक विचारते. नांगरायची एवढी काय घाई होती?"

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी समोरच उभी होते, तरी नाही. म्हणाले, "मलाच हौस. शेत नीटनेटकं दिसावं म्हणून."

मी पाण्याचा पेला घेऊन परत आत आले. बाईंनी तो घेतलाही नव्हता.

जाताना त्या म्हणाल्या, "हे सगळं उगवलं की धूळ उडणार नाही?" "नाही उडणार." त्यांनी मान हलवली. हे त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. दोघं तिथे उभे होते. बोलत होते का नुसतेच, ते इथून कळलं नाही.

यांनी पोलिसाला तेच सांगितलं, भाऊजींना तेच, आज या बाईंनाही तेच. मीच, मीच. बरोबरच आहे, शेत यांचं, ट्रॅक्टर यांचा, मी काही नांगर धरला नव्हता. बायका बोलतातच. तसं मी पडद्यांबद्दलही बोलले होते.

भाजी करपली आज.

२ सप्टेंबर

पाऊस बरा झाला. पश्चिमेच्या बांधावर झुडपांची एक ओळ आणि झाडांची एक ओळ लागली. मातीवाल्या बाईंनी रोपं मिळवून दिली. मीही खड्डे केले. कंबर मोडली, पण खड्डे केले. हे म्हणाले, "तू कशाला?" म्हटलं, "घरात बसून तरी काय करू?" एका ओळीत दोघंजण दिवसभर काम करत होतो आणि बोललो ते एवढंच.

पाऊस असला की हे नीट झोपतात. ढग गेले की परत उठबस.

३० नोव्हेंबर

गहू पेरला, पण न नांगरता. काडातून, गवतातून सरळ बी आत सोडणारं यंत्र बाईंनी दोन दिवसांसाठी आणवलं. शेत म्हणजे अक्षरशः उकिरडा दिसतंय. भाऊजी म्हणाले, "दादा, यात गहू उगवणार की उंदीर?" हेही हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मी पटकन आत जाऊन चहाला दूध ठेवलं, कारण तिथे थांबले असते तर रडले असते.

१७ जानेवारी

लेक आणि जावई राहून गेले. लेक यांच्याजवळ बसून म्हणाली, "बाबा, आमच्याकडे चला चार दिवस." हे म्हणाले, "वारा कमी झाला की येतो." बाहेर पान हलत नव्हतं. जावयांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटं उचलायला लागले. जाताना लेक म्हणाली, "आई, डॉक्टरला दाखवूया का?" दाखवलं. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांत घालायला थेंब दिले, आणि म्हणाले, झोपेची गोळी देतो. गोळी घेऊनही हे पहाटे अंगणातच.

३ एप्रिल

गहू निघाला. भाऊजींपेक्षा थोडा कमी, पण निघाला. धसकटं गुडघाभर उभी ठेवलीत आणि खाली सगळं काड अंथरलेलं. या वेळी मी काही बोलले नाही.

हे कापणीच्या मशीनच्या मागे मागे चालत होते, कुठे माती उघडी पडली की पायाने काड सारायचे. संध्याकाळी बांधावर बसलो दोघं. मी म्हटलं, "अहो, त्या वेळी मी जर—"

"गप्प," म्हणाले. "वारा ऐकू दे."

वारा नव्हता. तरी मी ऐकत बसले. बऱ्याच वेळाने माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. नुसता ठेवला. मला वाटतं, त्यांना माहीत आहे मी काय म्हणणार होते. त्यांना ते म्हणू द्यायचं नाहीये.

२१ एप्रिल

आज वारा आला. तसाच, गेल्या वर्षीसारखा. दोरीवरचे कपडे आडवे झाले, पत्रे वाजायला लागले. भाऊजींच्या रानातून धुरळ्याचा लोट उठला, आमच्या बांधावरच्या झुडपांत आणि धसकटांत शिरला आणि तिथेच विस्कटला. मी खिडकी लावलीच नाही. खिडकीत उभी राहून बघत होते. धसकटं थरथरत होती, काड जागच्या जागी सळसळत होतं, पण माती उठत नव्हती. एवढं मोठं शेत, सगळंच्या सगळं जमिनीला धरून बसलेलं. मला ओरडावंसं वाटलं. "अहो, बघा!" म्हणत मी बाहेर आले.

हे घरात नव्हते.

रस्त्यावर गेले. हे मधोमध उभे, हातात काठी, डोळे बारीक केलेले. मी म्हटलं, "अहो, धूळ नाहीये. झालं तुमचं काम. बघा ना मागे वळून." त्यांनी वळून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "तो बघ, धुरळा उठला. पार रस्त्यावर आलाय. तुला दिसत नाही?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. गालांवरून पाणी वाहत होतं, वाऱ्याने असेल. केवढे म्हातारे झालेत. आधी कधी नजरेत भरलं नव्हतं. मी नीट बघितलंच नव्हतं.

"दिसतोय," मी म्हटलं.

तिकडून बस येत होती. यांच्याने काठी वर होईना. मी काठी घेतली, वर केली आणि त्यांच्या शेजारी रस्त्याच्या मधे उभी राहिले. बस थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. तोच होता, चहा प्यायलेला.

"काय झालं मावशी? रस्ता तर मोकळा आहे."

मी खिडकीजवळ गेले आणि यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "थोडं थांबाल का? यांना बरं वाटेल."

त्याने यांच्याकडे बघितलं, मग शेताकडे, आणि गाडी बंद केली. आतल्या लोकांनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "थांबा जरा. काका सांगतील तेव्हा जायचं."

सगळे थांबलो. वारा वाहत होता आणि रस्ता पार टोकापर्यंत स्वच्छ दिसत होता.